प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट: मे-जूनच्या सुट्टीतली सहल स्वतः कशी आखावी

युरोप म्हटलं की आपल्याकडे पंधरा दिवसांत आठ देशांचा हिशेब सुरू होतो. मी आई-बाबांना घेऊन गेले तेव्हा तीनच शहरं धरली आणि बारा रात्री: प्रागला चार, व्हिएन्नाला पाच, बुडापेस्टला तीन. तिन्ही एकाच रेल्वेमार्गावर आहेत. रोज बॅगा भरायच्या नसल्या की सत्तरीतली माणसंही मजेत फिरतात.

1. कुठे किती रात्री ते ठरवा, मग व्हिसा

तिन्ही देश शेंगेन या युरोपीय देशांच्या गटात आहेत, त्यामुळे व्हिसा एकच लागतो. अर्ज मात्र जिथे सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा. आमच्या बाबतीत ऑस्ट्रियाकडे. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात आधी उतराल त्याच्याकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मे महिन्यात शाळांना सुट्ट्या, म्हणून अपॉइंटमेंटसाठी झुंबड उडते; जानेवारीतच कामाला लागा. मोठ्या माणसाचं व्हिसा शुल्क 90 युरो आहे. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा आणि मुक्कामाचे सगळे दिवस धरणारा हवा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान तीन महिने चालू असला पाहिजे.

2. विमान जाताना एका शहरात, येताना दुसऱ्या

मुंबईहून प्रागला जा, बुडापेस्टहून परत या. तिकीट शोधताना ‘मल्टी-सिटी’ निवडा. जिथून सुरुवात केली तिथेच परत यायचं म्हटलं तर एक अख्खा दिवस वाया जातो.

3. रेल्वे

प्राग ते व्हिएन्ना साधारण चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. तिकिटं आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात. बहुतेक गाड्यांत आसन आरक्षण वेगळं असतं. ते सक्तीचं नाही, पण वडीलधारी मंडळी सोबत असतील तर नक्की करा.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. चेक भाषेत व्हिएन्नाला ‘व्हीडेन’ म्हणतात आणि हंगेरियनमध्ये ‘बेच’! शिवाय गाडी बऱ्याचदा पुढे जाणारी असते, त्यामुळे फलकावर भलत्याच शेवटच्या स्टेशनचं नाव दिसतं. म्हणून गाडीचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा आणि तोच जुळवा.

4. पैसे आणि शहरातली तिकिटं

प्रागला कोरुना, व्हिएन्नाला युरो, बुडापेस्टला फोरिंट. सगळीकडे कार्ड चालतं. मशीनने ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असं विचारलं तर स्थानिक चलनच निवडा. रुपयांतला दर महाग पडतो.

मेट्रो-ट्रामचं कागदी तिकीट नुसतं विकत घेऊन भागत नाही, त्यावर वेळेचा शिक्का मारावा लागतो. पहिल्या सहलीत मी तिकीट खिशात ठेवूनच ट्राममध्ये बसले आणि दंड भरला. तपासनिसाला ‘माहीत नव्हतं’ हे कारण चालत नाही. पिवळी किंवा निळी छोटी पेटी दिसली की आधी तिथे जा.

5. खाणं-पिणं

बाहेरून युरोपात येताना सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे घरीच ठेवा. मेतकूट, खाकरे, दाण्याची चटणी न्या. तिथे शाकाहारी माणसाला प्रागला तळलेलं चीज, व्हिएन्नाला चीजमध्ये घोळवलेले श्पेत्स्ले, म्हणजे नूडल्ससारखे पिठाचे छोटे मऊ तुकडे, आणि बुडापेस्टला लांगोश, म्हणजे आंबवलेल्या पिठाची तळलेली मोठी पोळी, यांवर छान राहता येतं. व्हिएन्नात रविवारी दुकानं बंद असतात. दूध-ब्रेड शनिवारीच आणा, विसरलात तर मोठ्या रेल्वे स्टेशनातलं दुकान गाठा.

पाणी विकत घेऊ नका. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं. पहिली जलवाहिनी 1873 साली सुरू झाली. आईने रस्त्यावरच्या नळाखाली ओंजळ धरली आणि म्हणाली, “अगं, माठातल्यासारखं गार आहे!” मग दर नळापाशी आमचा थांबा ठरलेला.

6. दिवसाची आखणी

जूनमध्ये रात्री नऊच्या सुमारापर्यंत उजेड असतो. सकाळी लवकर बाहेर पडा, दुपारी खोलीवर या, संध्याकाळी पुन्हा निघा. जुन्या इमारतींतल्या बऱ्याच खोल्यांना एसी नसतो, तेव्हा बुकिंग करताना नीट बघून घ्या. प्रागच्या चार्ल्स पुलावर सकाळी सहाच्या आत पोचा. 1357 मध्ये पायाभरणी झालेला हा दगडी पूल तेव्हा जवळपास मोकळा असतो, दहा वाजता तिथे पाय ठेवायला जागा नसते.

बुडापेस्टला दुपारी सेचेनीच्या उघड्यावरच्या गरम पाण्याच्या कुंडात डुंबा. पोहण्याचे कपडे आणि चपला सोबत न्या. जेवण सातलाच उरका आणि अंधार पडताना 2 नंबरची ट्राम पकडा. ती दुना म्हणजे डॅन्यूब नदीच्या काठाने पार्लमेंट आणि साखळी पुलाजवळून जाते. यासाई मारी चौकातून दक्षिणेकडे निघालात तर उजवीकडची खिडकी धरा, नदी त्याच बाजूला आहे.