संचालक व्हायचंय? आधी नाव एक करा

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढणाऱ्याला किंवा चालू कंपनीत संचालक होणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो असा: "पॅन आणि आधारची झेरॉक्स द्या, बाकी सगळं ऑनलाइन होतं." या सल्ल्यामुळे लोकांचे महिने वाया जातात. फॉर्म ऑनलाइन आहेत हे खरं, पण कंपनी व्यवहार मंत्रालयाचं पोर्टल झेरॉक्स बघत नाही. ते आयकर खात्याच्या नोंदीतलं तुमचं नाव बघतं, आणि तिथे एक अक्षर किंवा एक स्पेस इकडची तिकडे असेल तर पुढचं पाऊल पडत नाही. संचालकांची कागदपत्रं करणं हे माझं रोजचं काम आहे. अर्ज अडतो तेव्हा बहुतेक वेळा तो नावापाशी अडलेला असतो.

एवढी कडक तपासणी कशासाठी, हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या कटकटीचा राग येणार नाही. २०१७ मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने दोन लाखांहून अधिक निष्क्रिय कंपन्या नोंदवहीतून काढून टाकल्या आणि तीन लाखांच्या आसपास संचालक अपात्र ठरवले. ड्रायव्हर, शिपाई, घरकाम करणाऱ्या बायका यांच्या सह्या घेऊन त्यांना कागदोपत्री संचालक करायचं, हा अशा बनावट कंपन्यांचा जुना मार्ग. त्यानंतर २०१८ मध्ये संचालकांची केवायसी आली. म्हणजे ही तपासणी तुमच्या नावाचं रक्षण करण्यासाठीही आहे.

नाव: इथेच वेळ द्या

डीआयएन म्हणजे संचालक ओळख क्रमांक. त्यासाठी भारतीय नागरिकाला पॅन सक्तीचं आहे. फॉर्ममध्ये पॅन टाकून पडताळणीचं बटण दाबलं, की पहिलं नाव, मधलं नाव आणि आडनाव हे तीन रकाने आयकर खात्याच्या नोंदीशी जुळवले जातात. "कार्डावर छापलंय तेच टाका" हा सल्ला इथे तोंडावर आपटतो. पॅनच्या अर्जात मूळ नावाचे तीन रकाने वेगळे असतात आणि कार्डावर काय छापायचं हा रकाना वेगळा. कार्डावर व्यवस्थित नाव दिसत असलं, तरी नोंदीत वडिलांचं नाव आडनावाच्या जागी गेलेलं असू शकतं. पूर्वी एजंटांनी भरलेल्या अर्जांत हे सर्रास झालंय.

म्हणून कार्ड बाजूला ठेवा. आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन करा, प्रोफाइल उघडा आणि तिथे नाव कसं आहे ते अक्षरन् अक्षर कागदावर उतरवून घ्या. रिटर्न भरत असाल तर रिटर्नच्या फॉर्ममध्ये आपोआप भरून येणारे तीन रकानेही बघा. तुमचं 'अधिकृत' नाव ते. आई हाक मारते ते नाव, दहावीच्या दाखल्यावरचं नाव, व्हिजिटिंग कार्डावरचं नाव, यातलं कुठलंही या कामात चालत नाही.

आता मराठी नावांत हमखास सापडणारे घोळ सांगतो. पहिला स्पेलिंगचा. ज्ञानेश्वर 'डी-एन-वाय'ने की 'जी-वाय'ने, लक्ष्मण 'एक्स'ने की 'के-एस-एच'ने, वामन 'व्ही'ने की 'डब्ल्यू'ने, हे पॅनवर एक आणि आधारवर दुसरं असतं. दुसरा स्पेसचा. 'विजयकुमार' जोडून लिहिलं तर ते एक नाव, तोडून लिहिलं तर 'कुमार' मधल्या नावात जाऊन बसतो आणि वडिलांचं नाव बाहेर पडतं. तिसरा मानाच्या शेपटाचा. वडील एका कागदावर वसंत, दुसऱ्यावर वसंतराव, तिसऱ्यावर आद्याक्षर 'व्ही'. डीआयएनच्या अर्जात आद्याक्षरं नकोत, पूर्ण नाव लागतं. ज्यांच्या कागदांवर आडनावच नाही, त्यांचं एकमेव नाव पॅनच्या पद्धतीनुसार आडनावाच्या रकान्यात जातं, पहिल्या नावाचा रकाना रिकामा राहतो. हे माहीत नसलं तर माणूस दिवसभर तेच बटण दाबत बसतो.

सगळ्यात जास्त त्रास विवाहित स्त्रियांना होतो, आणि त्यात त्यांची काहीही चूक नसते. समजा माहेरचं नाव सुनीता वसंत जाधव आणि लग्नानंतरचं सुनीता प्रकाश मोरे. आधार नव्या नावाचं, पॅन जुन्या नावाचं, बँकेत दोन्हींचं मिश्रण. अशा स्थितीत अर्ज टाकूच नका. शिवाय डीआयएनच्या अर्जात वडिलांचं नाव सक्तीचं आहे, विवाहित स्त्रीलाही. तिथे पतीचं नाव चालत नाही. मधल्या नावात 'प्रकाश' असेल, तरी वडिलांच्या रकान्यात 'वसंत जाधव'च आलं पाहिजे. घरातली पुरुषमंडळी परस्पर फॉर्म भरतात तेव्हा हा रकाना हमखास चुकतो. ताईंनी स्वतः समोर बसून भरून घ्यावा, माझा आग्रह आहे.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही नियम नाही. माहेरच्या नावाने सगळे कागद एकसारखे असतील, तर त्याच नावाने संचालक व्हा आणि निर्धास्त राहा. "आता बिझनेस करतेस तर नाव बदलून घे" असं सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

दुरुस्ती करायचीच असेल तर क्रम पाळा. आधी कुठलं नाव कायमचं ठेवायचं ते ठरवा. मग विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी घेऊन आधार दुरुस्त करा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे ही संधी स्पेलिंग तपासल्याशिवाय वापरू नका. त्यानंतर आधारच्या आधारे पॅन दुरुस्त करा. पॅनची नोंद बदलल्याचं ई-फायलिंग पोर्टलवर दिसेपर्यंत थांबा. नवं कार्ड हातात आलं म्हणजे झालं असं धरू नका, नोंद बघा. मग डिजिटल सही काढा. आधीच डीआयएन असेल तर शेवटी डीआयआर-६ हा दुरुस्तीचा फॉर्म भरून तिथलं नाव बदला. हा क्रम उलटा केला की जुन्या नावाची डिजिटल सही नव्या पॅनशी जुळत नाही आणि सहीचे पैसे बुडतात. यात काही आठवडे जातात. कंपनी महिनाभर उशिरा निघाली तरी चालेल. चुकीच्या नावाने निघालेली कंपनी दर वर्षी त्रास देते.

एक गोष्ट अजिबात करू नका. जुन्या डीआयएनवरचं नाव चुकलंय म्हणून नवीन डीआयएन काढा, असा सल्ला अजूनही दिला जातो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १५५ नुसार एका व्यक्तीला एकच डीआयएन ठेवता येतो. दुसरा काढणं हा कायद्याचा भंग आहे, पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. चुकलेलं नाव दुरुस्त होतं, त्यासाठीच डीआयआर-६ आहे.

डिजिटल सही

नाव एक झालं की ही पायरी सोपी. परवानाधारक प्रमाणन संस्थेकडून क्लास ३ ची डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं प्रमाणपत्र, घ्या, मोबाइलवर छोटा व्हिडिओ द्या, सही साठवायचं यूएसबी टोकन घरी येतं. ती पॅनवर आधारित घ्या, कारण मंत्रालयाचं पोर्टल सहीतला पॅन तुमच्या पॅनशी ताडून बघतं.

पण टोकन आणि पासवर्ड सल्लागाराकडे ठेवायची जी सवय आपल्याकडे पडली आहे, ती मोडा. "साहेब, तुम्हाला काय करायचंय, आमच्याकडेच राहू द्या" असं म्हणणारा माणूस कितीही सज्जन असला तरी टोकन घरी आणा. ही सही तुमच्या हातच्या सहीइतकीच बंधनकारक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४२ सांगतं, की सहीची खासगी किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची काळजी तुम्हीच घ्यायची आहे. तुमच्या नकळत एखाद्या कंपनीच्या कर्जाच्या कागदावर ती सही झाली, तर "टोकन दुसऱ्याकडे होतं" या उत्तराने तुम्ही सुटत नाही.

डीआयएन

नवी कंपनी असेल तर कंपनी नोंदणीच्या स्पाइस प्लस फॉर्ममध्येच पहिल्या तीन संचालकांपर्यंत डीआयएन मिळतो, वेगळा अर्ज नको. चालू कंपनीत येत असाल तर डीआयएनसाठी डीआयआर-३ फॉर्म, सोबत कंपनीच्या संचालक मंडळाचा ठराव. नियुक्तीच्या आधी किंवा त्याच वेळी संचालक होण्याची डीआयआर-२ मधली संमती, आणि नियुक्तीनंतर ३० दिवसांत ती कळवणारा डीआयआर-१२.

पत्त्याचा पुरावा दोन महिन्यांपेक्षा जुना नको आणि तो अर्जदाराच्या स्वतःच्या नावावर हवा. महावितरणचं बिल आजोबांच्या नावावर असेल तर त्यात वेळ घालवू नका, बँकेचं ताजं स्टेटमेंट द्या. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना पासपोर्ट सक्तीचा आहे, आणि त्यांचे कागद त्या देशातल्या नोटरीकडून आणि अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का) करून किंवा भारतीय दूतावासातून साक्षांकित करून आणावे लागतात. दुबई-लंडनच्या भावंडांना संचालक करायचं असेल तर हे काम आधी सुरू करा, बाकी सगळं त्याच्यासाठी थांबतं.

केवायसी

डीआयएन मिळाला म्हणजे ओळख कायमची सिद्ध झाली असं नाही. आधी दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत केवायसी करावी लागायची. ३१ मार्च २०२६ पासून नियम सैल झाला: आता दर तीन आर्थिक वर्षांतून एकदा, ३० जूनपर्यंत. पण मधल्या काळात मोबाइल, ईमेल किंवा राहता पत्ता बदलला तर ३० दिवसांत कळवायचं. केवायसी चुकली की डीआयएन निष्क्रिय होतो, आणि तो परत चालू करायला ५,००० रुपये शुल्क पडतं. कंपनी बंद असली, तुम्ही राजीनामा दिला असला, तरी डीआयएन आहे तोवर केवायसी तुमच्यामागे आहे. माजी संचालक हे विसरतात आणि नव्या कंपनीच्या वेळी अडकतात.

मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच द्या. सीएच्या ऑफिसातला एकच नंबर दहा जणांना लावायचा प्रकार बघितला की मला चीड येते. ओटीपी त्या नंबरवर जातो, मंत्रालयाच्या नोटिसा त्या ईमेलवर जातात. पुढे सल्लागाराशी बिनसलं तर तुमचीच ओळख तुम्हाला दुसऱ्याकडे मागावी लागते. मुलाचा नंबरही नको. साधा फोन असेल तरी चालतो, पण सिम तुमच्या नावावर आणि तुमच्या खिशात हवं.

मालकांची ओळख

संचालक चालवतो, मालक भागधारक असतो. छोट्या कंपनीत दोघे एकच असतात, म्हणून लोक मालकीचा भाग सोडून देतात. शेअर्स तुमच्याच नावावर आणि तुमच्याच पैशांचे असतील, तर सोडलेला चालतो. दोन ठिकाणी मात्र थांबा.

एक, नाव एकाचं आणि लाभ दुसऱ्याचा. नोकरीत अडचण नको म्हणून वहिनीच्या नावावर शेअर्स घ्यायचे आणि हक्क दिरांचा ठेवायचा, असं घराघरांत चालतं. कंपनी कायद्याच्या कलम ८९ नुसार ज्यांच्या नावावर शेअर्स आहेत त्यांनी एमजीटी-४ फॉर्ममध्ये आणि खऱ्या लाभधारकाने एमजीटी-५ मध्ये कंपनीला ३० दिवसांत कळवायचं असतं, आणि कंपनीने पुढच्या ३० दिवसांत एमजीटी-६ भरायचा असतो. "घरातलंच आहे" ही सबब कायद्यात नाही. माझं मत विचाराल तर ही व्यवस्था करूच नका. वहिनींना गुंतवणूकदार करायचं असेल तर पैसे आणि हक्क दोन्ही खरोखर त्यांचे असू द्या.

दोन, मध्ये दुसऱ्या कुणाला ठेवून असलेली मालकी. समजा पहिल्या कंपनीत तुमचा ६० टक्के वाटा आहे आणि ती कंपनी दुसऱ्या कंपनीत ३० टक्क्यांची भागधारक आहे. दुसऱ्या कंपनीच्या नोंदवहीत तुमचं नाव कुठेच नाही, तरी कलम ९० नुसार तुम्ही तिचे महत्त्वाचे लाभार्थी मालक ठरता, कारण मर्यादा १० टक्क्यांची आहे. तुम्ही बीईएन-१ फॉर्मने कंपनीला कळवायचं, कंपनीने बीईएन-२ भरायचा, दोन्हींना ३० दिवस. एचयूएफच्या, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाच्या, नावावर तेवढे शेअर्स असतील तर कर्त्याचं नाव जाहीर करायचं. बँकही खातं उघडताना कंपनीत १० टक्क्यांहून जास्त मालकी कुणाची ते स्वतंत्रपणे विचारते. तिथे दिलेलं उत्तर आणि बीईएन-२ मधलं उत्तर वेगळं निघालं तर खातं अडकतं.

२७ ऑक्टोबर २०२३ पासून प्रत्येक कंपनीने अशा मालकीची माहिती कंपनी निबंधकाला पुरवायला एक जबाबदार व्यक्ती नेमायची आहे. ती नेमली नाही आणि कंपनी सचिव, व्यवस्थापकीय संचालक किंवा व्यवस्थापकही नसेल, तर प्रत्येक संचालक जबाबदार धरला जातो. पुढच्या मंडळाच्या बैठकीत एका ओळीचा ठराव करून नाव ठरवा आणि वार्षिक विवरणात ते लिहा.