कर्दळ सगळ्यात शेवटी

अंघोळीचं सांडपाणी पुन्हा वापरण्याइतकं स्वच्छ करायला खडीत कर्दळ लावलेला वाफा करायचा म्हटलं की सोसायटीच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न हमखास येतो: झाडं कुठून आणायची? आमच्या ठाण्यातल्या सोसायटीतही तेच झालं. पण झाडं सगळ्यात शेवटी. तुम्ही आधी प्लंबरला घेऊन इमारतीच्या मागे जा आणि पाईप बघा. बाथरूमचा आणि संडासाचा पाईप वेगळा असेल तर निम्मं काम झालं. एकच असेल तर लाइन वेगळी करायचा खर्च काढा, मगच पुढचं बोला. स्वयंपाकघराचं पाणी सुरुवातीला नकोच, तेलानं खडी तुंबते.

मग जागा. २० फ्लॅट, ८० माणसं, माणशी ५० लिटर धरले तर दिवसाला ४,००० लिटर. पाणी खडीत तीन दिवस थांबायला हवं, म्हणजे १२,००० लिटर. खडीत पोकळी साधारण ४० टक्केच, म्हणून वाफा ३० घनमीटरचा. खोली ६० सेंटीमीटर ठेवली तर ५० चौरस मीटर. म्हणजे चार गाड्यांचं पार्किंग! ठराव लेखी करून घ्या.

वाफ्याआधी गाळ बसायला छोटी टाकी हवी, आणि तिचं झाकण एकट्या माणसाला उचलता यावं, नाहीतर ती कुणी साफ करत नाही. खड्ड्यात जाड प्लास्टिकचं अस्तर, बाहेर जायच्या टोकाकडे किंचित उतार. खडी धुतलेलीच घ्या. आमच्याकडे आलेली खडी मुठीत घेतली तर हात पांढरा व्हायचा; ती तशीच टाकली असती तर कच तळाशी बसून पाणी अडलं असतं. दोन दिवस पाईप लावून धुतली. बाहेरच्या पाईपला फिरवता येईल असा एल्बो (वाकडा जोड) लावा, तो फिरवून वाफ्यातल्या पाण्याची पातळी ठरवता येते. पाणी खडीच्या चार बोटं खालीच राहिलं पाहिजे. वर आलं की डास झालेच. कडा वीतभर उंच बांधा, ठाण्याचा पाऊस अंगणातलं सगळं पाणी आत ढकलतो.

हे सगळं मे महिन्याआधी. पहिल्या पावसात कर्दळीचे गड्डे फूटभर अंतरानं लावा, जोडीला पाणकणीस. खाडीतली तिवरं आणू असं कुणीतरी म्हणेलच. त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, हात लावू नका. घाण खातात ते खडीवरचे जिवाणू, मुळं त्यांना जागा आणि थोडा ऑक्सिजन देतात. जिवाणू वाढायला वेळ लागतो, तेव्हा पहिले काही आठवडे निम्मंच सांडपाणी सोडा. निघालेलं पाणी फ्लशला आणि बागेला. सडक्या अंड्यांचा वास आला तर आधी गाळाची टाकी उघडून बघा.