व्हर्जिनियात ‘रेकलेस’चं समन्स मिळालं तर

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत जास्त वेगाचा शेवट दंड भरण्यात होतो. व्हर्जिनियात मात्र मर्यादेपेक्षा ताशी २० मैल जास्त झाले, किंवा मर्यादा कितीही असो, काटा ८५च्या वर गेला, की ते ‘रेकलेस ड्रायव्हिंग’ (बेदरकार गाडी चालवणं) ठरतं, म्हणजे फौजदारी गुन्हा. ७० मैलांची मर्यादा असलेल्या इंटरस्टेटवर (आंतरराज्य महामार्गावर) ८६ म्हणजे फक्त १६ मैल जादा, तरीही तेच कलम लागतं. बाहेरून आलेले लोक नेमके इथेच फसतात.

हा क्लास १ मिसडिमीनर आहे, म्हणजे कनिष्ठ गुन्ह्यांतला सर्वांत गंभीर वर्ग. कमाल शिक्षा १२ महिने तुरुंग आणि २,५०० डॉलर दंड. शिवाय लायसन्स सहा महिन्यांपर्यंत निलंबित होऊ शकतं. डीएमव्हीकडे (लायसन्स देणाऱ्या राज्याच्या खात्याकडे) ६ डिमेरिट पॉइंट, म्हणजे दोषगुण, लागतात आणि नोंद ११ वर्षं राहते.

रस्त्यावर पोलिसाने दिलेल्या समन्सवर सही करा. ती गुन्ह्याची कबुली नसते, कोर्टात हजर राहण्याचं वचन असतं. नकार दिलात तर पोलीस तशी नोंद करतो, पण तारखेला हजर राहावंच लागतं. ‘सगळेच नव्वदने चालले होते’ असं मात्र बोलू नका. पोलीस ते टिपून ठेवतो आणि कोर्टात वाचून दाखवतो.

मग तारखेआधी गाडीचा स्पीडोमीटर तपासून शपथेवरचा कॅलिब्रेशन अहवाल (काटा किती अचूक आहे याचा दाखला) घ्या. कोर्टाला तो पुरावा म्हणून विचारात घ्यावाच लागतो. मूळ मापापेक्षा मोठे टायर घातले असतील तर काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, आणि अशा वेळी हा कागद खरंच उपयोगी पडतो. काटा बरोबर निघाला तर त्याचा फायदा नाही. आठ तासांचा ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंट क्लासही (सुरक्षित ड्रायव्हिंगचा वर्ग) आधीच उरकावा.

यातून साधायचं ते ‘इम्प्रॉपर ड्रायव्हिंग’, म्हणजे रेकलेसपेक्षा सौम्य कलम. दोष किरकोळ वाटला तर न्यायाधीश कलम तिथवर उतरवू शकतात: दंड जास्तीत जास्त ५०० डॉलर, ३ पॉइंट, आणि फौजदारी ठपका नाही. वेग शंभरच्या आसपास असेल तर ही आशा कमीच. तिथे त्याच कोर्टात नेहमी उभा राहणारा वकील घ्यावा.

खटला जिथे आधी चालतो त्या जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टाचा निकाल विरोधात गेला तर दहा दिवसांत वरच्या सर्किट कोर्टात अपील करता येतं, आणि खटला नव्याने चालतो.

व्हिसावर राहणाऱ्यांनी निकालाची प्रमाणित प्रत कोर्टाच्या क्लार्ककडून लगेच घ्यावी. व्हिसाच्या अर्जात दोषसिद्धी विचारतात, नागरिकत्वाच्या अर्जात तर नुसतं समन्ससुद्धा.