मिश्रणाचे शाब्दिक उदाहरण समीकरणाने कसे सोडवावे

म्हशीच्या दुधाला ७ टक्के आणि गाईच्या दुधाला ४ टक्के फॅट (स्निग्धांश) लागली आहे. दोन्ही एकत्र करून ५ टक्के फॅटचे ३० किलो दूध हवे असेल, तर प्रत्येकी किती घ्यावे? कोल्हापूर जिल्ह्यात सकाळ-संध्याकाळ संस्थेत दूध घालणाऱ्या घरातील मुलांना फॅट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही, तरीही हेच उदाहरण वहीत आले की पुष्कळ मुले ७ आणि ४ यांची सरासरी काढू लागतात. ती सरासरी ५.५ येते आणि दोन्ही दुधे समान घेतली तरच ती लागू पडते. टक्क्यांची बेरीज करता येत नाही, फॅटच्या वजनाची करता येते. सारी रीत या एका गोष्टीवर उभी आहे.

प्रथम अज्ञात राशीला नाव द्यावे, आणि ते एककासह लिहावे: म्हशीचे दूध क्ष किलो. एकूण दूध ३० किलो असल्याने गाईचे दूध आपोआप (३० − क्ष) किलो होते, दुसरे अक्षर लागत नाही.

त्यानंतर मिसळण्यापूर्वीची फॅट आणि मिसळल्यानंतरची फॅट समान मांडावी. दोन्ही बाजूंना १०० ने गुणले की अपूर्णांक जातात:

७क्ष + ४(३० − क्ष) = ५ × ३०
३क्ष + १२० = १५०
क्ष = १०

म्हणजे म्हशीचे १० किलो व गाईचे २० किलो. ताळा अवश्य करावा: ०.७ किलो आणि ०.८ किलो मिळून १.५ किलो फॅट होते, आणि ३० किलोंचे ५ टक्केही तेवढेच.

खरी अडचण येते ती एकूण वजन ठरलेले नसते तेव्हा. गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, एका सराफाकडे १८ कॅरेटचे (२४ भागांत १८ भाग शुद्ध) १० ग्रॅम सोने आहे. त्यात २४ कॅरेटचे, म्हणजे शुद्ध, सोने किती घातल्यास ते २२ कॅरेटचे होईल? येथे उजव्या बाजूला २२ × १० लिहिण्याची चूक फार होते. सोने घातले की वजनही वाढते, म्हणून तेथे (१० + क्ष) हवे:

१८ × १० + २४क्ष = २२(१० + क्ष)
२क्ष = ४०
क्ष = २०

दुप्पट सोने लागते हे पाहून दचकू नये. २२ हा आकडा १८ पासून ४ ने आणि २४ पासून अवघ्या २ ने दूर आहे, म्हणून जवळच्या सोन्याचा वाटा दुप्पट येतो. चटणीसाठी ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची एकत्र करून किलोचा भाव काढायचा असेल, तर कॅरेटच्या जागी दर ठेवावा. समीकरण तेच राहते.

पहिल्याच उदाहरणात ५ ऐवजी ८ टक्के फॅट मागितली, तर म्हशीचे दूध ४० किलो आणि गाईचे उणे १० किलो येते. मिश्रणाचे प्रमाण दोन्ही घटकांच्या दरम्यानच असावे लागते. म्हणून असे ऋण उत्तर आले की आकडेमोड तपासण्याआधी प्रश्न पुन्हा वाचावा.