अपडेटनंतर फोनच्या स्क्रीनवर रेघ आली? वॉरंटी संपली तरी तक्रार अशी करा

फोन तुमच्या मालकीचा असला तरी त्यातलं सॉफ्टवेअर कंपनीच्या हातात असतं. त्यामुळे अपडेटनंतर हिरवी रेघ आली तर आधी पुरावा गोळा करा, मग सर्व्हिस सेंटर गाठा.

दुसऱ्या फोनने रेघेचा फोटो आणि व्हिडिओ काढा. स्क्रीनशॉट कामाचा नाही; बिघाड स्क्रीनच्या पॅनेलमध्ये असेल तर त्यात रेघ उमटतच नाही. व्हिडिओत चारी कडा आणि मागची बाजू दाखवा, म्हणजे 'फोन पडला असेल' म्हणायला जागा उरत नाही. सेटिंग्जमधल्या 'अबाउट फोन'मधला बिल्ड नंबर (सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा क्रमांक), आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि अपडेटची तारीख टिपून ठेवा. गल्लीतल्या दुकानात फोन उघडू नका, नाहीतर सगळं खापर त्या दुकानावर फुटतं.

बॅकअप घेऊन मगच फोन जमा करा. जॉब शीटवर, म्हणजे फोन जमा केल्याच्या पावतीवर, बहुतेकदा 'डिस्प्ले प्रॉब्लेम' एवढंच लिहितात. तिथे 'अमुक तारखेच्या अपडेटनंतर रेघ आली' हे लिहून घ्या. ऐकलं नाही, तर तिथूनच कंपनीला तसा ईमेल करा. मोफत दुरुस्तीला नकार दिला, तर तोही लेखी मागा.

खरी अडचण पुढे येते: 'अपडेटनंतर' म्हणजे 'अपडेटमुळे' नव्हे, आणि कंपनी नेमकं हेच धरून बसते. त्याच मॉडेलसाठी कंपनीने मोफत स्क्रीन बदलून दिल्याची सूचना मिळाली, तर ती जपून ठेवा. तिच्याएवढा भक्कम कागद सहसा हाती लागत नाही.

मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. हेल्पलाइन निकाल देत नाही, फक्त कंपनीला उत्तर द्यायला लावते. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. नाही मिटली, तर कंपनीला १५ दिवसांची लेखी नोटीस द्या आणि ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार चालते, वकील लागत नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. आयोगात तक्रार करायची मुदत २ वर्षांची. हेल्पलाइनवर तक्रार पडून आहे म्हणून ही मुदत थांबत नाही.

स्क्रीनचा खर्च, नुकसानभरपाई आणि तक्रारीचा खर्च वेगवेगळा मागा. आयोगाने फोन प्रयोगशाळेत पाठवायचं ठरवलं, तर तपासणीची फी आधी तुम्हालाच भरायला सांगू शकतात. जुन्या फोनच्या बाबतीत हा हिशेब तक्रार करण्याआधीच मांडा.