बाळाचं वरचं खाणं: उष्टावण झालं, आता वाटीत घालायचं काय?

आमच्या ठमीचं उष्टावण ठरलं तेव्हा घरात आधी महिन्यावरूनच वाद. मुलाचं सम महिन्यात म्हणजे सहाव्या-आठव्यात आणि मुलीचं विषम महिन्यात, त्यामुळे सासूबाई म्हणाल्या पाचवा लागलाय, उरकून टाकू, आणि डॉक्टर म्हणाले ६ महिने पूर्ण होईपर्यंत पाणीसुद्धा नाही, फक्त अंगावरचं दूध. मी मधल्या मधे. शेवटी कॅलेंडर घेऊन बसले तर लक्षात आलं की १८० दिवस भरले की आपोआप सातवा लागतो, आणि सातवा विषमच की! सासूबाई खूश, डॉक्टर खूश, मामानं सोन्याच्या अंगठीनं खीर चाटवली, फोटो झाले. खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण उष्टावण कसं करायचं हे सगळ्यांना माहीत असतं पण त्यानंतर रोज काय आणि किती द्यायचं यावर प्रत्येकाचं वेगळंच.

तर मी काय केलं आणि त्यात काय चुकलं ते सविस्तर लिहिते, म्हणजे तुमचा तरी एक महिना वाचेल.

आधी तारखेबरोबर बाळाकडेही बघा. मान नीट धरतंय का, मांडीवर आधारानं बसतंय का, तुम्ही जेवताना तुमच्या घासाकडे टक लावून बघतंय का, आणि चमचा तोंडाशी नेला की जीभ बाहेर ढकलायची सवय कमी झालीय का. बाळ सगळंच ढकलत असेल तर दोन-चार दिवस थांबून परत बघा, पण सहाच्या पुढे महिना-महिना ढकलू नका. कारण पोटात असताना आईकडून मिळालेला लोहाचा साठा ६ महिन्यांच्या आसपास संपत येतो आणि अंगावरच्या दुधातून तेवढं लोह मिळत नाही. नऊ महिने भरायच्या आधीच जन्मलेलं बाळ असेल तर मात्र सुरुवात कधी करायची ते डॉक्टरांनाच विचारा.

आता माझी चूक. पहिला महिनाभर मी ठमीला डाळीचं वरचं पाणी दिलं. कुकर उघडायचा, वरणाच्या भांड्यातलं वरचं पिवळं पाणी काढायचं आणि बोंडल्यानं, म्हणजे बाळाला पाजायच्या चोचीच्या छोट्या भांड्यानं, पाजायचं. घटाघट प्यायची, सगळे म्हणायचे छान खाते हो! भाताची पेज पण तशीच, गाळून. महिन्यानं वजन केलं तर काटा जिथे होता जवळपास तिथेच. डॉक्टरांनी विचारलं वाटीत काय असतं, मी सांगितलं, तर ते म्हणाले डाळ तुम्ही खाताय आणि पाणी तिला देताय. ऐकून इतकी लाज वाटली! पण बरोबरच होतं ते, बाळाचं पोट एवढुसं, ते पाण्यानं भरलं तर दूधही कमी पितं आणि अन्नही जात नाही.

म्हणून आमच्याकडे एकच परीक्षा ठरली, चमचा तिरका करायचा. खाली ओघळलं तर पातळ, चमच्यालाच धरून राहिलं आणि हळूच घसरलं तर बरोबर. बोंडलं घासूनपुसून कपाटात गेलं, आणि बाटलीच्या निपलला भोक मोठं करून त्यातून पेज पाजायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, वाटी-चमचाच बरा.

आता मुख्य पदार्थ, खिमट. हे आजीच्या जमान्यातलं, आणि दुकानातल्या डब्याला हात लावायच्या आधी हे करून बघाच. एक वाटी तांदूळ, शक्यतो जुना आंबेमोहोर नाहीतर घरात असेल तो, आणि अर्धी वाटी सालं काढलेली मुगाची डाळ. दोन्ही वेगवेगळं तीन पाण्यांनी धुवा, निथळा आणि सुती पंचावर पंख्याखाली पसरा, पूर्ण खडखडीत वाळलं पाहिजे, मी एकदा घाई केली आणि आठवड्यात डब्यात वास आला, सगळं टाकलं. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजायचं, तांदूळ पांढरा होऊन किंचित फुलेपर्यंत, डाळ खमंग वास येईपर्यंत, लाल नाही करायची. गार झालं की मिक्सरमधून बारीक रवा काढा. पहिल्या पंधरा दिवसांसाठी जरा जास्तच बारीक. कोरड्या स्टीलच्या डब्यात भरा, एकावेळी दोन आठवड्यांपुरतंच करा.

शिजवताना दोन पोह्याचे चमचे खिमट वाटीभर गार पाण्यात आधी कालवून घ्यायचं, मग गॅस लावायचा. उकळत्या पाण्यात टाकलंत तर गुठळ्या होणारच. सतत ढवळत दहा-बारा मिनिटं मंद आचेवर, रवा बोटात दाबला की कणी लागायला नको. गॅसवर असताना सरबरीत दिसतं पण गार झालं की आवळतं, म्हणून जरा सैल असतानाच उतरवा. वरून अर्धा चमचा साजूक तूप. तूप चवीपुरतं नाही हो, एवढ्याशा पोटात जास्त ताकद जावी म्हणून. हवी तर जिऱ्याची पूड चिमूटभर.

पहिल्या दिवशी दोन-तीन चमचे, बस. वेळ सकाळी दहा-अकराची बरी, म्हणजे नवीन पदार्थानं काही झालंच तर दिवसाउजेडी कळतं. बाळ फार भुकेलेलं नको आणि पेंगुळलेलं पण नको, थोडं दूध पाजून मग बसवा. नवीन पदार्थ एकावेळी एकच आणि दोन-तीन दिवस तोच, म्हणजे अंगावर पुरळ आलं तर कशानं ते समजेल. तोंड वाकडं केलं तर आवडलं नाही असं लगेच ठरवू नका, ठमीनं दुधी आठ-नऊ वेळा थुंकला आणि दहाव्यांदा वाटी चाटली, कारण तिलाच माहीत.

प्रमाण म्हणाल तर ६ ते ८ महिन्यांत दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन चमच्यांवरून वाढवत अर्ध्या वाटीपर्यंत. ९ ते ११ महिन्यांत तीन-चारदा अर्धी वाटी आणि मधे एक-दोनदा फळ वगैरे. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. वाटी म्हणजे साधारण २५० मिलिची, आमटीची छोटी नव्हे. अंगावरचं दूध चालूच, दोन वर्षं आणि पुढेही.

नाचणी सत्व सगळे देतात, द्याच, कॅल्शियम भरपूर असतं. पण मोड आणून करा. रात्रभर भिजवून, सकाळी निथळून, ओल्या फडक्यात बांधून दीड दिवस ठेवायची, पांढरे बारीक मोड दिसले की सावलीत वाळवायची, हलकी भाजायची, दळून बारीक चाळायची. मोडांमुळे एक गंमत होते, धान्यातलं पिष्ट (स्टार्च) थोडं मोडलं जातं, म्हणून पीठ जास्त घातलं तरी लापशी चिकट गोळा होत नाही. म्हणजे त्याच वाटीत जास्त नाचणी बसते. माझ्यासारखीच्या मनासारखं काम! फक्त लोहासाठी नाचणीवर विसंबू नका, धान्यातलं लोह अंगी कमी लागतं. शिजल्यावर दोन थेंब लिंबू पिळलं किंवा बरोबर पपई-संत्र दिलं तर जरा बरं लागतं. लोहाचे थेंब डॉक्टरांनी दिले असतील तर ते न कंटाळता द्या, शी काळी होते, घाबरू नका.

मीठ आणि साखर वर्षापर्यंत नाही. गूळही नाही, तोही गोडच. यावर आमच्याकडे महाभारत झालं. "अळणी कसं गं खाईल ती?" तिनं मीठ कधी चाखलंच नाही तर तिला अळणी कळणार कसं! शेवटी उपाय सोपा निघाला, वरणाला फोडणी आणि मीठ घालायच्या आधी तिचा वाटा बाजूला काढायचा. तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक करत बसू नका, वैतागून जाल. मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही, सोन्याच्या काडीनं पण नाही, त्यात एका जंतूचे बीजाणू असू शकतात आणि लहान बाळाच्या आतड्यात त्यांचं विष तयार होतं. गाईचं दूध पिण्यासाठी म्हणून वर्षानंतर, लापशीत घालायला थोडं चालतं. आणि चहात बुडवलेलं बिस्कीट, हे तर बंदच करा हो! पाहुणे आले की प्रत्येकाला तेच द्यायचं असतं, बिस्किटात मैदा-साखर आणि चहा लोह शोषू देत नाही.

पंधरा दिवसांनंतर हळूहळू भाज्या-फळं. लाल भोपळा, गाजर, रताळं वाफवून कुस्करून, केळं, चिकू, पपई. पालक-मेथी वरणातच शिजवून. अंडं पूर्ण उकडून, पिवळं-पांढरं दोन्ही, ते लांबवायची गरज नाही. शेंगदाणा पण लवकर दिलेला चालतो, पण अगदी गंधासारखा वाटून लापशीत कालवून, कूट नाही आणि अख्खा दाणा तर नाहीच. बाळाला फार एक्झिमा असेल तर मात्र आधी विचारून. आम्ही कोकणातले, त्यामुळे आठव्या महिन्यात पापलेट आलंच, काटे काढून मग परत बोटांनी चाचपून. ओठ-डोळे सुजले किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर फोनवर विचारत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

मिक्सरची सवय मोडा, लवकर. सातव्या महिन्यात हातानं कुस्करलेलं, आठव्यात थोड्या गुठळ्या, नवव्या-दहाव्यात वाफवलेल्या गाजराची मऊ फोड हातात. अनेकजण वर्षभर सगळं गुळगुळीत वाटून देतात आणि मग मूल शिताला पण ओकाऱ्या काढतं. ओकारी म्हणजे मात्र गुदमरणं नाही, यात मी पहिल्यांदा जाम घाबरले होते. तोंड लाल, जीभ बाहेर, खोकण्याचा आवाज, म्हणजे बाळ स्वतःच घास पुढे आणतंय, थांबा आणि बघत राहा. आवाजच बंद, रडू फुटत नाही, ओठ निळे पडतायत, हे गुदमरणं. तेव्हा तोंडात आंधळेपणानं बोट घालू नका. बाळाला पालथं आपल्या हातावर, डोकं छातीपेक्षा खाली, आणि दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं ५ थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेनं ५ वेळा दाब, नाही निघालं तर परत तेच, आणि कोणालातरी अँब्युलन्ससाठी १०८ लावायला सांगा. बाळ निपचित पडलं तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडानं श्वास देणं. हे घरातल्या सगळ्यांना आधीच दाखवून ठेवा, आजोबांना पण. आणि अख्खी द्राक्षं, फुटाणे, दाणे, कच्च्या गाजराचे तुकडे, लाह्या या लांबच ठेवा. झोपवून भरवायचं नाही, पळत्या बाळामागे वाटी घेऊन पळायचं नाही.

शीचं थोडं सांगते, कारण रात्री दोन वाजता त्याचीच काळजी वाटते. रंग-वास बदलणारच. केळं खाल्लं की काळे धाग्यासारखे दिसतात, ते जंत नाहीत. गाजर आहे तसं बाहेर येतं, बीटानं लाल होते. कडक होत असेल तर केळं कमी, पपई जास्त, आणि उकळून गार केलेलं पाणी दिवसात चमच्या-चमच्यानं. रक्त दिसलं किंवा जुलाब थांबेनात तर डॉक्टर.

आजारपणात खाणं बंद करू नका, थोडं थोडं पण जास्त वेळा द्या, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं. ठमी तापानंतर अशी काही खायची की वाटी आधी तिची आणि मग आमचं ताट.

प्रवासाला जाताना मी पातळ पोहे कोरडे भाजून, दळून, बारीक चाळून छोट्या डब्यात नेते. थर्मासमधल्या गरम पाण्यात कालवून पाच मिनिटं झाकायचे, त्यात केळं कुस्करायचं. मागच्या महिन्यात रत्नागिरीला जाताना पनवेलच्या पुढे गाडी तासभर थांबली होती, डब्यातल्या सगळ्यांचा जीव वर आलेला आणि ठमी आपली मांडीवर बसून पोहे-केळं ओरपत होती, चमचा तिरका केला तरी न सांडणारं.