टोपोशीटवर जीपीएस बिंदू सरकलेले दिसतात: माझा अनुभव

पुणे जिल्ह्यातल्या पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या) टेकाडांचे जीपीएस बिंदू स्कॅन केलेल्या जुन्या १:५०,००० टोपोशीटवर (सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर) सगळेच सव्वाशे-दीडशे मीटर वायव्येला पडत होते. नियंत्रणबिंदू (अक्षांश-रेखांश माहीत असलेले नकाशावरचे बिंदू) वाढवले, थिन प्लेट स्प्लाइन (नकाशा ताणून त्या बिंदूंवर बसवणारी पद्धत) लावलं, फरक तसाच. वैताग आला! जिओरेफरन्सर (स्कॅन नकाशा अक्षांश-रेखांशावर बसवणारं साधन) दाखवत होता ती त्रुटी मात्र जेमतेम पिक्सेलभर. चूक सगळीकडे सारखी असली की ती त्रुटीच्या आकड्यात दिसतच नाही.

कारण डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया, वेगळा: शीटवरचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट लंबगोलावरचे (पृथ्वीचा मानलेला आकार), जीपीएसचे डब्ल्यूजीएस ८४ वरचे. म्हणून एकाच जागेचे आकडे दोन्हींत वेगळे येतात.

क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरच्या जिओरेफरन्सरमध्ये टार्गेट सीआरएस (निर्देशांक पद्धत) ईपीएसजी:४१४६, म्हणजे एव्हरेस्टवर आधारलेला कालियानपूर १९७५ डेटम, ठेवा. ५ मिनिटांच्या जाळीचे सोळाही छेदबिंदू द्या, पॉलिनोमियल १ निवडा. तयार रास्टर (नकाशाचं चित्र) वॉर्प या साधनाने ईपीएसजी:३२६४३ मध्ये, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ च्या यूटीएम ४३ उत्तर या मीटरमधल्या पद्धतीत, न्या. रूपांतराचे पर्याय आले तर बॅलपार्क (ढोबळ) निवडू नका, त्यात डेटमचा फरक धरलाच जात नाही.

उरलेला काही मीटरचा फरक नकाशाच्या प्रमाणाचा आणि डेटम-रूपांतराच्या मर्यादित अचूकतेचा आहे; त्यावरून उत्खननाचे चर आखू नका.